आई कोलमडण्याची वाट पाहणारी यादी

माझ्या थोरल्या भावासाठी सरकारी आधार-सेवा मिळावी म्हणून केलेल्या अर्जात एक प्रश्न होता. काळजी घेणारी व्यक्ती घरात आहे का, आणि ती सक्षम आहे का? आम्ही ‘होय’ लिहिलं. खोटं कसं लिहिणार? आई होती, चालती-फिरती होती. समोरच्या बाईंनी तो ‘होय’ वाचला, कोपऱ्यात एक खूण केली आणि अर्ज डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला. उजवीकडचा गठ्ठा खूपच लहान होता. तो कशाचा, असं मी विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, ‘‘ते तातडीचे. ज्यांचं बघायला कोणी उरलेलं नाही, त्यांचे.’’ त्यांचा काही दोष नव्हता, नियमच तसा होता. घरी येताना आई रस्ताभर गप्प होती. दाराशी आल्यावर कुलूप काढता काढता म्हणाली, ‘‘म्हणजे मी आहे म्हणून त्याचं अडलंय.’’

या लेखात मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या एका वाक्यात आहे. दादा आता ४९ वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता, जोडीला फिट्स, आणि बोलायला मोजके पंधरा-वीस शब्द. आई ७६ वर्षांची आहे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. सरकारी सेवेचं दार उघडायला आमच्या घरात आता एकच गोष्ट घडायची बाकी आहे, आणि ती घडावी असं आम्हाला कोणालाच वाटत नाही.

विकासात्मक दिव्यांगता म्हणजे वाढीच्या वयात सुरू होणारी आणि जन्मभर सोबत राहणारी अवस्था. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं), डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने जन्मतः येणारी अवस्था), बौद्धिक अक्षमता अशी तिची अनेक रूपं आहेत. अपघात किंवा पक्षाघात सांगून येत नाही. इथे मात्र मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत बहुतेक वेळा कळलेलं असतं की याला आयुष्यभर कमी-जास्त आधार लागणार. शाळा सुटणार कधी, हे माहीत असतं. आई-वडिलांचं वय तर जन्मदाखल्यावरच असतं. इतकी आधीपासून कळणारी गरज सरकारच्या दप्तरात क्वचितच दुसरी असेल. तरीही बहुतेक व्यवस्था तिच्याकडे अचानक कोसळलेल्या आपत्तीसारखं पाहतात. चाळीस वर्षं आधी सांगून येणाऱ्या पुराला शेवटच्या रात्री बोटी शोधायच्या, असा हा कारभार आहे.

पूर्वी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता, त्याचं कारण क्रूर आहे. ही मुलं जगतच नव्हती. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ६० च्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, साध्या आजारांवर उपचार नाकारणं कमी झालं, मुलं संस्थेत टाकण्याऐवजी घरात वाढू लागली. ही फार मोठी, आनंदाची गोष्ट आहे. पण तिचा सरळ अर्थ असा की आता मूल आई-वडिलांच्या मागे राहतं. ‘आमच्या पश्चात याचं काय?’ हा प्रश्न या घरांमध्ये इतक्या वेळा विचारला जातो की तो प्रश्न राहिलेलाच नाही, एक उसासा झाला आहे.

सरकारांनी या प्रश्नाला दिलेलं पहिलं उत्तर होतं इमारत. गावाबाहेरची, मोठी, भिंतींची. न्यूयॉर्कमधली बौद्धिक अक्षमता असलेल्यांची विलोब्रुक शाळा हे त्याचं सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण. ४,००० जणांसाठी बांधलेल्या त्या जागेत १९६० च्या दशकात ६,००० हून जास्त माणसं कोंबलेली होती. १९६५ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडींनी तिथे जाऊन आल्यावर जाहीर संताप व्यक्त केला. १९७२ मध्ये टीव्हीच्या कॅमेऱ्याने आतलं दाखवलं तेव्हा लोक हादरले. पालक कोर्टात गेले, आणि अखेर १९८७ मध्ये ती बंद झाली. शाळा म्हणायची, पण तिथे शिकवणं जवळजवळ नव्हतंच.

त्यानंतर विचार बदलला. माणसाने समाजात, आपल्या माणसांत राहावं आणि सेवा त्याच्यापर्यंत जावी, हे तत्त्व मान्य झालं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातलं १९ वं कलम हेच सांगतं: कुठे आणि कोणासोबत राहायचं हे निवडण्याची संधी इतरांइतकीच मिळाली पाहिजे. तत्त्व बदललं, पण पैशाची वाट तितकी बदलली नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत केटी बेकेट या तीन वर्षांच्या मुलीची गोष्ट राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यापर्यंत पोहोचली. तिला श्वासासाठी यंत्र लागायचं. ती रुग्णालयात राहिली तर सरकार खर्च देत होतं. घरी नेली तर आई-वडिलांचं उत्पन्न मोजलं जाणार आणि मदत थांबणार. घरचा खर्च रुग्णालयाच्या कितीतरी कमी होता, तरी नियम रुग्णालयाच्या बाजूने उभा होता. तिच्यासाठी नियमाला अपवाद केला गेला. त्याच वर्षी राज्यांना घरी आणि वस्तीत सेवा देण्याची मुभा देणारा कायदाही झाला.

मुभा हा शब्द महत्त्वाचा आहे. संस्थेतली जागा हा हक्क राहिला. घरची सेवा ही मर्यादित जागांची योजना झाली, आणि जागा मर्यादित म्हटल्या की यादी आलीच. २०२४ मध्ये अमेरिकेत घर-आधारित सेवांच्या अशा याद्यांवर ७ लाखांच्या आसपास माणसं होती. त्यांतली बहुसंख्य बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांग होती, आणि त्यांची सरासरी प्रतीक्षा चार वर्षांच्या आसपास जात होती. १९९९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ओल्मस्टेड खटल्यात निकाल दिला, की विनाकारण संस्थेत डांबून ठेवणं हा भेदभाव आहे. जॉर्जिया राज्यातल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रियांनी लढून मिळवलेला हा निकाल मोठाच होता. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की यादी वाजवी वेगाने सरकत असेल तर राज्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. वाजवी म्हणजे किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आपल्याकडे १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठीचा हा कायदा पालकांच्या रेट्यामुळे आला, आणि त्याच्या उद्दिष्टांमध्ये आई-वडिलांच्या किंवा पालकाच्या मृत्यूनंतर काळजी आणि संरक्षणाची तजवीज करणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. एखाद्या कायद्याने आई-वडिलांच्या मृत्यूचा इतका उघड उल्लेख करावा यात मला फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो. माझी तक्रार फक्त ‘नंतर’ या शब्दाशी आहे.

नंतर हा शब्द का चुकतो, हे सांगण्यासाठी मला आईच्या वहीबद्दल सांगावं लागेल.

आईकडे एक जाड, दोनशे पानी वही आहे. वरचा पुठ्ठा चिकटपट्टीने जोडलेला. दादाला पहिली मोठी फिट आली तेव्हा डॉक्टरांनी तारीख आणि वेळ लिहून ठेवायला सांगितली होती, तिथून ती सुरू झाली. हळूहळू तिच्यात सगळंच आलं. ‘डावा कान हाताने दाबतो = दाढ दुखते. कान नव्हे.’ ‘जेवताना ताट ढकललं तर पोट साफ झालेलं नाही, रागवू नये.’ ‘नवीन माणूस आलं की पहिला तासभर त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचंही नाही. आपोआप जवळ येतो.’ ‘गोळी बदलली की तिसऱ्या दिवशी चिडतो, आठव्या दिवशी ठीक.’ काही नोंदींपुढे नंतर वेगळ्या शाईने ‘आता असं नाही’ असं लिहिलेलं आहे. पंचेचाळीस वर्षांचं एका माणसाचं व्याकरण आहे ते, आणि ते वाचता येणारी माणसं जगात दोन आहेत. मी त्यातली अर्धवट.

मागे आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. मी पोहोचेपर्यंत रात्र झाली होती. दादा बाहेरच्या खोलीत बूट घालून बसला होता, बूट उलटसुलट पायांत. शेजारच्या काकू सोबत होत्या बिचाऱ्या, पण त्याने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तीन दिवस तो त्या बुटांसकट झोपला. त्या तीन दिवसांत आमचा अर्ज उजवीकडच्या गठ्ठ्यात जाऊ शकला असता. तातडीची सोय म्हणून त्याला एका अनोळखी निवासात, अनोळखी माणसांत, आईशिवाय आणि वहीशिवाय नेलं असतं. आणि तो ओरडला असता, डोकं आपटलं असतं, तर त्याच्या फाईलमध्ये ‘वर्तन समस्या’ असं लिहिलं गेलं असतं. फाईलमधलं असं वाक्य माणसाच्या पाठीमागे आयुष्यभर फिरतं.

हे मी भीतीपोटी बोलत नाही. न बोलणाऱ्या माणसाचं दुखणं ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिलं जातं, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या मृत्यूंचा नियमित आढावा घेतला जातो. ही माणसं इतरांपेक्षा सरासरी वीसेक वर्षं आधी मरतात, आणि टाळता आले असते अशा मृत्यूंचं प्रमाण त्यांच्यात फार मोठं असतं. टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये बद्धकोष्ठतेसारखी साधी गोष्टही आहे. वहीतल्या ताट ढकलण्याच्या नोंदीकडे आता पुन्हा बघा. ती ओळ वाचणारं कोणी समोर आहे की नाही, यावर एक जीव अवलंबून असू शकतो.

वही वाचून मात्र हे येत नाही, ही खरी अडचण आहे. वहीत ‘दाढ दुखते’ लिहिलेलं असतं, पण तो हात कसा दाबतो हे बघावं लागतं, दहा वेळा बघावं लागतं, शेजारी आई असताना बघावं लागतं. ही ओळख एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला वर्षं लागतात. आई नसताना ती जाऊच शकत नाही. म्हणून सेवा आई असताना सुरू व्हायला हवी. आधी आठवड्यातून दोन दुपार, मग महिन्यातून एक रात्र, मग चार रात्री, आणि मग एक दिवस असा की दादा आपल्या दुसऱ्या घरी राहतो आणि आई रविवारी त्याला भेटायला जाते. हे संकटकाळी दिलेल्या खाटेने होत नाही, ती खाट कितीही स्वच्छ असली तरी.

हे कुठेच होत नाही असं नाही. स्वीडनने १९९३ मध्ये एक कायदा केला, तो १९९४ पासून लागू झाला. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि इतर मोठ्या, कायमच्या दिव्यांगता असलेल्यांना त्यात दहा प्रकारच्या सेवांचा हक्क दिला आहे. घरी येऊन काही तास आईची जागा घेणारा माणूस हा त्यातला एक हक्क. घराबाहेर थोडे दिवस राहण्याची सोय हा दुसरा. प्रौढ झाल्यावर आधारासह स्वतःचं घर हा आणखी एक. नकार मिळाला तर न्यायालयात दाद मागता येते. आणि मला सर्वांत भावलेली तरतूद अशी की सेवा मंजूर होऊनही नगरपालिकेने ती वाजवी मुदतीत दिली नाही, तर तिच्यावर दंड बसतो. तीन महिन्यांत अंमल झाला नाही तर तिला तसं वरच्या यंत्रणेला कळवावं लागतं. उशिराची किंमत तिथे आईच्या कमरेतून वसूल होत नाही. स्वीडनमध्येही सगळं गोड नाही, वैयक्तिक सहायकाचे तास मोजताना गेल्या काही वर्षांत हात बराच आखडला आहे. पण भांडायला तिथे पायाखाली हक्काची जमीन आहे.

तातडीच्या घरांना आधी द्यावं यात गैर काय, असं मला एका समंजस माणसाने विचारलं होतं. पैसा कमी आहे, तर जो बुडतोय त्याला आधी हात देणार ना? ऐकायला हे न्याय्य वाटतं आणि एखाद्या रात्रीपुरतं ते खरंही आहे. पण धोरण म्हणून चाळीस वर्षं तेच चाललं तर त्याचा अर्थ असा होतो, की जे घर सोसत राहतं त्याला सोसल्याची शिक्षा मिळते. जी आई पाठदुखीवर पट्टा बांधून चाळीस-पंचेचाळीस किलोचा मुलगा उचलते ती ‘सक्षम’ ठरते, म्हणून मागे पडते. शिवाय बुडेपर्यंत थांबणं स्वस्त पडत नाही. ओळख नसलेल्या जागी घाईने हलवलेला माणूस बिघडतो, रुग्णालयात जातो, आणि तिथेच अडकतो. इंग्लंडमध्ये २०११ मध्ये विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातली मारहाण छुप्या कॅमेऱ्याने उघड केली. जे रुग्णालयात असायला नकोत त्यांना जून २०१४ पर्यंत बाहेर आणू, असं सरकारने सांगितलं. ती तारीख उलटून गेली आणि त्यानंतर दहा वर्षांनीही बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली दोनेक हजार माणसं रुग्णालयांत होती. बाहेर त्यांच्यासाठी घर आणि माणसं उभी केलेली नव्हती, हे त्यामागचं एक मोठं कारण. रुग्णालयातली खाट ही सर्वांत महाग खाट असते.

दुसरा आक्षेप हळव्या आवाजात येतो. आईच्या मायेची जागा सरकार घेणार का? नाही घेणार, घेऊही नये. आईला आई राहता यावं, एवढंच मागणं आहे. आज ती परिचारिका आहे, हमाल आहे, रात्रपाळीची पहारेकरी आहे, औषधांची कारकून आहे, आणि यातून उरलेल्या वेळात आई आहे. बाबा गेल्यापासून ती कधी एक रात्र घराबाहेर राहिलेली नाही, दवाखान्यातल्या त्या रात्री सोडून. माझ्या लग्नात ती जेवणाआधी घरी गेली.

काही पालकांना मात्र सेवेचीच धास्ती वाटते, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मोठ्या संस्था बंद करायला अनेक ठिकाणी पालकांनीच विरोध केला. निदान तिथे माणसं होती, छप्पर होतं, आणि उद्या ते असेल याची खात्री होती. लहान घरं आज उघडतात, अनुदान थांबलं की बंद होतात. पालकांची भीती खोट्या आश्वासनांतून शिकलेली आहे. ती घालवायला भाषण चालत नाही. आई जिवंत असताना तिच्या डोळ्यांसमोर दहा वर्षं नीट चाललेली सेवा, हाच पुरावा तिला पटेल.

आणि नीट चालण्याचा प्रश्न शेवटी येतो तो माणसांपाशी. आम्हाला आई पडल्यानंतर आठवड्याचे सहा तास मिळाले, तात्पुरते. एक तरुण मुलगा यायचा. पहिला तास त्याने दादाकडे पाहिलंसुद्धा नाही, भिंतीला टेकून बसून राहिला. वहीतली ओळ त्याने वाचली होती. दोन महिन्यांनी त्याने आईला विचारून त्याच वहीत एक नोंद केली: ‘खिडकीकडे तोंड करून गुणगुणतो तेव्हा बाहेर जायचं असतं.’ आई चष्मा वर करून ते वाचत राहिली. ‘‘मला वाटायचं खूश आहे म्हणून गुणगुणतो,’’ म्हणाली. पाचव्या महिन्यात तो मुलगा सोडून गेला. गोदामात सामान उचलण्याचे त्याला जास्त पैसे मिळत होते आणि त्याच्याही घरी खाणारी तोंडं होती. अमेरिकेत या कामातली दर दहांतली जवळपास चार माणसं वर्षभरात काम सोडतात. दुसऱ्याच्या मौनाची भाषा शिकणाऱ्या माणसाला आपण गोदामातल्या खोक्यांपेक्षा कमी मोल देत असू, तर कायद्यात दहा काय, शंभर हक्क लिहून उपयोग नाही. सेवेचा निम्म्याहून अधिक खर्च पगारावर जाईल, जायलाच हवा.

माझं म्हणणं फार गुंतागुंतीचं नाही. काळजी घेणारी व्यक्ती साठ वर्षांची झाली की अर्ज आपोआप पुढे सरकावा, ती धडधाकट असली तरी. त्या दिवसापासून दुसऱ्या घराची, दुसऱ्या माणसांची ओळख सुरू व्हावी, आणि त्याला तारीख असावी. तारीख चुकली तर किंमत कार्यालयाने मोजावी. त्याआधी, मूल लहान असल्यापासून, महिन्यातल्या काही रात्रींचा विसावा हा हक्क असावा. त्यासाठी आईला रडून दाखवावं लागू नये. मूल्यमापनाला येणाऱ्या माणसाने ‘दात घासतो का?’ असं विचारून ‘हो’ ऐकल्यावर पुढच्या ओळीवर जाऊ नये. पेस्ट कोण लावतं, शेजारी कोण उभं राहतं, चूळ भरायची आठवण कोण करून देतं, हेही लिहून घ्यावं. आमच्याकडे त्या एका ‘हो’मध्ये आईची रोजची वीस मिनिटं गायब झाली. अशा हो-हो म्हणत गेलेल्या रकान्यांतून दादा कागदावर फारच सोपा माणूस झाला.

यादीतलं नाव कायम ठेवायचं असेल तर वर्षातून एकदा पत्र येतं. त्यात विचारलेलं असतं, की कुटुंबाच्या परिस्थितीत काही बदल झाला आहे का. खाली चौकटी असतात: काळजीवाहकाचा मृत्यू, काळजीवाहकाचा गंभीर आजार, निवासस्थान गमावणं, बदल नाही. आई दर वर्षी शेवटच्या चौकटीत खूण करून सही करते. परवा या वर्षीचं पत्र आलं. तिने चष्मा लावून ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पेन हातात घेतलं आणि मला विचारलं, ‘‘वय एका वर्षाने वाढलं, हे यात कुठे लिहायचं?’’